एका पायाची हडळ

गेल्या हिवाळ्यात शहाडच्या आमच्या फुटपाथवर जी हडळ फिरत होती, ती मी होतो.

हडळ व्हायचा माझा बेत नव्हता. (घरात माझ्या अवतारावर आधीच पुरेशी चर्चा होते.) मी फक्त ई-बाइक घेतलेली. घोडबंदर रोडच्या ऑफिसची बस सकाळी सव्वासहाला नाक्यावर येते, आणि नाक्यापर्यंतचा रस्ता पाइपलाइनसाठी इतका खोल खणलेला, की वाकून पाहिलं तर पाताळातली माणसं खालून विचारायची, "झालं का काम?" राहिला फुटपाथ. आता सोसायटीच्या फळ्यावर नोटीस होती : "फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे. त्यावर दुचाकी घालणाऱ्याची गय केली जाणार नाही." खाली सही सेक्रेटरीची. म्हणजे माझीच!

पण उल्हास नदीवरून धुकं असं यायचं, की एक हात शोधायला दुसरा हात पाठवावा लागे. कोण बघतंय? लाइट बंद, हॉर्न बंद, आणि गाडीला आवाज मुळातच नाही. घरी सांगितलेलं, मागच्या लांबच्या रस्त्याने जातो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, तर नाना गळ्यापर्यंत चादर ओढून बसलेले. नाना म्हणजे माझे सासरे. गुडघ्याचं ऑपरेशन करून आमच्याकडे राहायला आलेले. डॉक्टरांनी बजावलेलं, रोज चाला, नाहीतर गुडघा आखडला म्हणून समजा. ते सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारतात, अशी माझी भाबडी समजूत!

"फुटपाथवर मागून काहीतरी गेलं," नाना कुजबुजले. "पाऊल वाजलं नाही. मानेवर नुसती गार फुंकर. आणि कुणीतरी हलकेच बाही ओढली."

सकाळी एक माकडटोपी चुकवताना हँडलला काहीतरी अडकलेलं खरं. (डिसेंबरात शहाडचा प्रत्येक म्हातारा माकडटोपीत असतो. त्यातला आपला सासरा कुठला, हे ओळखायचं कसं?)

"भास झाला असेल, नाना."

"बाहीची शिवण उसवलीय, जावईबापू. भास शिवण उसवतो?"

नानांनी चालणं बंद केलं. बायकोने, वैशालीने, मला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, आठ दिवस असेच बसून राहिले तर पाय पुन्हा वाकणार नाही त्यांचा! काहीतरी कर ना!"

खरं सांगून टाकणं हा एक उपाय होता. तो मी ताबडतोब फेटाळला. मग डोकं लढवलं. गाडी ऐकू आली की लोक बाजूला होतील, भीती संपेल, नाना चालतील. लेकीच्या, ईशाच्या, कथकच्या पिशवीतून घुंगरांचा एक चाळ गुपचूप काढला आणि गाडीच्या मागच्या दांडीला बांधला.

आतापर्यंत लोक शांततेला घाबरत होते. आता धुक्यातून येऊ लागलं, छम्... छम्... छम्...

पहिल्या दिवशी जोशीकाकू दुधाच्या पिशव्या टाकून पळाल्या. दुसऱ्या दिवशी वॉचमनने शपथेवर सांगितलं, "पांढरं पातळ, साहेब, आणि पावलं उलटी!" (पांढरं ते माझं विंडचीटर. उलट्या पावलांचं मला आजही कळलेलं नाही.) तिसऱ्या दिवशी फुटपाथच्या कोपऱ्यावर लिंबू, दहीभात आणि हिरव्या बांगड्या आल्या. चौथ्या दिवशी सोसायटीची तातडीची मीटिंग. माझा बंदोबस्त करण्याचा ठराव मीच मांडला. एकमताने पास!

नाना मात्र पाय वल्ह्यासारखा सरळ ठेवून रोज पहाटे गॅलरीत बसायचे. ऐकत.

"एक सांगू, जावईबापू?" ते त्या संध्याकाळी चहा पिताना म्हणाले. "एकाच पायाचं वाजतं."

"काय?"

"घुंगरू. ही बाई लंगडी तरी आहे, नाहीतर चोरटी तरी."

आतून ईशा ओरडली, "आई, माझा एक चाळ कुठाय? टीचर ओरडली ना मला!"

चहा माझ्या नाकातून बाहेर आला. नाना शांतपणे छताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं नेहमीपेक्षा जाड होतं. मी निघालो. छम्... छम्... कोपऱ्यावरच्या लिंबापाशी ब्रेक दाबला. गाडी थांबली.

घुंगरू थांबलं नाही.

हात मागे नेऊन चाळ मुठीत घट्ट धरला. तो गप्प होता. आवाज समोरून येत होता. छम्... ठक्. छम्... ठक्. मग धुक्यातून एक घोगरा आवाज आला, "माझा... दुसरा... पाय... दे..."

मी दोन्ही हात जोडले आणि सेक्रेटरीपदाचा तोंडी राजीनामा दिला. हात जोडायला हँडल सोडावं लागतं, हे लक्षातच आलं नाही! गाडी एकीकडे, मी दहीभातात आणि गुडघा फुटपाथच्या कडेवर.

धुक्यातून आधी काठी बाहेर आली. तिला ईशाचा दुसरा चाळ बांधलेला. मागोमाग माकडटोपी.

"नाना? तुम्ही... चालत?"

"आता कसली भीती? हडळ घरातलीच निघाली," नाना गुडघा वाकवून माझ्या शेजारी टेकत म्हणाले. होय, वाकवून! "उठा जावईबापू, बस चुकेल."

उठता आलं नाही. गुडघ्याला प्लास्टर बसलं. ते निघाल्यापासून रोज सकाळी मी त्याच फुटपाथवर वॉकर घेऊन चालतो, आणि नाना माझ्यापेक्षा दोन फेऱ्या जास्त मारतात. ईशाला नवे चाळ घेतले. जुने दोन्ही नानांनी स्वतःच्या हाताने माझ्या वॉकरला बांधलेत.

"आता तरी काढू का हे?" परवा मी विचारलं.

"राहू द्या. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे. मागून सेक्रेटरी येतोय, हे त्यांना कळायला नको?"

जोशीकाकू तेवढ्या नाराज आहेत. काल माझी एक फेरी नीट ऐकून घेतली आणि मान हलवून म्हणाल्या, "काही म्हणा, हडळ तालात होती हो. तुम्हाला नाही जमत!"