टाचेपासून गुडघ्यापर्यंत

सकाळचे सात चाळीस. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेतली यंत्रं अजून बंद होती, पण संगणकाच्या खोलीत ताई कामाला लागल्या होत्या. समोरच्या जुन्या डिस्कवर चार फायली होत्या : टाच, घोटा, पोटरी, गुडघा. एकीच्याही नावापुढे एक्स्टेन्शन नव्हतं, त्यामुळे त्या कशाने उघडायच्या हे संगणकालाही कळत नव्हतं. पायाचं माप घेणाऱ्या स्कॅनरच्या प्रोग्रॅमने आदल्या दिवशी चारही ‘खराब’ म्हणून परत केल्या होत्या.

उघड्या दाराबाहेर बाकावर एक पोस्टमन कुबड्या टेकून बसले होते. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. उरलेला पाय ज्यात बसतो तो सॉकेट तडकला, आणि नंतरचे दोन नवे सॉकेट इतके घासले की जखम झाली. जुनंच माप हवं होतं. ते या डिस्कवर जपून ठेवणारे, कार्यशाळेतले जुने वस्ताद आता हयात नाहीत. सोमवारपर्यंत पोस्टमन चालते झाले नाहीत, तर त्यांची बीट, म्हणजे टपाल वाटायचा ठरलेला भाग, दुसऱ्याला जाणार होती.

“ताई, घरच्यांनी मला कोपऱ्यात उभं करून ठेवलंय, छत्रीसारखं.”

“छत्री बोलत नाही. गप्प बसा.”

ताई इथे मुळात प्लास्टर कालवायच्या नोकरीला लागल्या होत्या. स्कॅनर आला तेव्हा वस्ताद म्हणाले, “हात धू आणि शीक.” त्या शिकल्या. कुणी विचारलं तर आजही सरळ सांगतात, “येतं मला.” उगाच लाजत नाहीत.

त्यांनी आधी फायलींच्या प्रती केल्या, मग आकार पाहिले. पहिल्या तिन्हींचे आकार तंतोतंत सारखे, गुडघा तेवढा लहान.

“टाच आणि पोटरी एका वजनाची कधी पाहिलीत?”

“माझी डावी टाच तर कधीच सोडून गेली,” पोस्टमन म्हणाले. “तिचं माप कुठून आलं?”

“तेच म्हणतेय मी. या चार वस्तू नाहीतच. एकाच गाठोड्याचे चार तुकडे आहेत.”

फायलीतली कच्ची अक्षरं दाखवणारा प्रोग्रॅम त्यांनी उघडला. ‘टाच’च्या अगदी सुरुवातीला 7z होतं. ही त्या नावाच्या आर्काइव्हची, म्हणजे फायली दाबून बांधलेल्या गाठोड्याची, खूण. बाकी तिघींना अशी खूणच नव्हती. म्हणजे सुरुवात टाचेपासून. पुढचा क्रम त्यांच्या हातांना पाठ होता : प्लास्टरची पट्टी खालून वर गुंडाळायची. हे वस्तादांनी त्यांना मनगटावर चापट मारून शिकवलं होतं. उरलंसुरलं शेवटच्या तुकड्यात गेलं, म्हणून गुडघा लहान.

त्यांनी चारही प्रतींना एकच नाव दिलं, पुढे 7z आणि एक ते चार क्रमांक जोडले आणि पहिली उघडली. हिरवी पट्टी टोकाला पोचली. जुना सॉकेट बनला त्या वर्षाची सगळी मापं बाहेर आली, पोस्टमनचंही.

“वस्ताद असते तर शाबासकी दिली नसती,” ताई मान ताठ ठेवून म्हणाल्या. “‘उशीर केलास’ म्हणाले असते. पण चहा स्वतः आणला असता.”

दुपारी त्या मापावरून साचा कोरून झाला, संध्याकाळी सॉकेट ओतून झाला. उद्या सकाळी नऊ वाजता, चालण्याच्या सरावासाठी धरायच्या दांड्यांमधली पहिली पाळी पोस्टमनची आहे.