दादाची करंगळी

जयसिंगपूरच्या एका शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली. पत्र वाचून आबा खूश झाले, पण लगेच चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "पण रोज येष्टीनं एकटी जाणार कशी?"

"तिकीट काढून," मी म्हणाले.

हे उत्तर त्यांना आवडलं नाही. स्टँडवरच्या गर्दीत पोरीबाळींना काय सोसावं लागतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंडानं बोलत नव्हतं. आबांनी आपल्या पद्धतीनं तोडगा काढला. थोरल्या भावाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यो तुझं मनगट धरंल. सोडवून घेतलंस तर जा. न्हाईतर शाळेला न्हाय म्हणून कळवायचं."

रुजू व्हायला पंधरा दिवस होते.

दादा तालमीतला. त्याला मान नव्हती. डोकं संपलं की खांदेच सुरू व्हायचे. कान मातीत घासून भज्यांसारखे फुगलेले. घरात दोन म्हशी होत्या आणि त्यांतल्या एकीचं दूध सबंध त्याच्याच पोटात जायचं.

कोल्हापुरात तेव्हा कराटेचं खूळ नवीन होतं. आमच्या पेठेतल्या शाळेच्या हॉलमध्ये मुलींसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू झाला होता, त्यात मी दुसऱ्याच दिवशी नाव घातलं. शिकवणारे सर सडपातळ, चष्मेवाले. भिंतीवर माणसाचं मोठं चित्र, त्यावर लाल ठिपके. हे मर्मबिंदू. सर म्हणायचे, "ताकद लागत नाही. बोट योग्य जागी पडलं की हत्तीसुद्धा खाली बसतो." हत्ती मिळण्यासारखा नव्हता, म्हणून ते आमच्यातल्याच एकीला पुढं बोलवायचे आणि ती बसायची. मीही बसले. दुखलं, खोटं कशाला सांगू?

डी.एड.ची परीक्षा दिल्यासारखे मी सगळे ठिपके पाठ केले. पहिला प्रयोग आईच्या कोपरावर. ती भाकरी थापत होती.

"अगं ए मेले, पीठ सांडलं की सगळं!"

म्हणजे विद्या खरी होती. दुसरा प्रयोग दादावर.

कानामागचा खळगा दाबायचा, तर दादाला तिथं खळगाच नव्हता. कोपरावरची नस होती, पण इतकी खोल की विहीर खणावी लागली असती. उरला अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बिंदू. तिथं मी सगळं बळ लावून दाबलं. दादानं डोळे मिटले.

"हां, तिथंच. जरा जोर लाव. कालपास्नं ठणकतंय."

मग रोजचंच झालं. मी वर्गातून आले की तो हात पुढं करून बसायचा. "ए मास्तरीण, आज डावा राहिलाय." आई म्हणायची, "शिकतीया ही आणि गुण ह्याला यायला लागलाय."

दहा दिवस असे गेल्यावर मी सरांना सरळ विचारलं. "सर, भावावर हे चालत नाही."

"नस नेमकी सापडली नसेल."

"नस राहू द्या, मानच सापडत नाही."

सर हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "खरं सांगू का? समोरचा सैल असला, बेसावध असला, तर चालतं. तयारीतल्या माणसावर नाही चालत. वर्गात मी ज्यांच्यावर दाखवतो त्या खाली बसायच्या तयारीनंच उभ्या राहतात."

हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण कबूल केलं, म्हणून माझा त्यांच्यावरचा राग गेला.

आबांची परीक्षा रविवारी. शुक्रवारी दादा तालमीतून फणफणत आला. जोडीदारानं लढतीत त्याचं एकटं बोट धरून पिरगाळलं होतं. कुस्तीत याला बंदी. वस्तादांनी त्या पोराला आखाड्याबाहेर काढलं होतं.

"ही काय रीत झाली? बोट धरलं की हातातली पकड सुटतीया, कितीबी ताकद असू दे!"

मी ताट वाढत होते. "कुठलं बोट?"

"डावी करंगळी. का गं?"

"काही नाही. आमटी वाढू?"

रविवारी सकाळी अंगणात आबा बाजेवर बसले, म्हशी दावणीला. दादानं उजव्या हातानं माझं डावं मनगट धरलं. उजव्या हातानं धरलं ते बरं झालं, दुखऱ्या बोटावर घाला घालणं मलाही पटलं नसतं.

"दाब, मास्तरीण. कुठं दाबतीस?"

मी रोजच्यासारखा त्याच्या अंगठ्याजवळच्या बिंदूवर अंगठा टेकवला आणि हळूहळू चोळायला लागले. दहा दिवसांची सवय. त्याचे डोळे मिटले, खांदे उतरले. तेवढ्यात मी त्याची करंगळी मुठीत धरून उलटी पिरगाळली.

त्याच्या ओरडण्यानं बसलेली म्हैस उठली. माझा हात मोकळा होता.

"आबा, बोट धरलं हिनं! एकटं बोट धरलेलं चालत न्हाय!"

"कुस्तीत चालत न्हाय," आबा म्हणाले.

"मग?"

"मग येष्टीत वस्ताद असतोय व्हय?"

त्या रस्त्यावर मी पुढं बरीच वर्षं गेले-आले. कानामागचा खळगा एकदाही शोधला नाही. करंगळी दोनदा सापडली, आणि दोन्ही वेळा गाडीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

पहिल्या सोमवारी दादा मला पोचवायला स्टँडवर आला. उजव्या करंगळीला हळद आणि फडकं. गाडी लागली, मी खिडकीशी बसले. खाली त्याच्या तालमीतला एक दोस्त भेटला.

"काय पैलवान, बोटाला काय झालं? हे बी कुणी पिरगाळलं?"

"म्हशीनं केलं."

"म्हैस लाथ मारती, गड्या. बोट कशी पिरगाळंल?"

दादानं माझा डबा खिडकीतून आत दिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आमची पिरगाळती."