वहिनीच्या वडिलांनी नापास केलेले खेळ

माझ्या वहिनीच्या वडिलांना पसंत पडेल असा व्हिडिओ गेम जगात अजून कुणी केलेलाच नाही, असं मी नव्वदच्या दशकात छातीठोकपणे सांगत असे, आणि बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत तरी मला कुणी खोटं पाडलं नाही. पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी मोजण्यात ज्यांची हयात गेली, ज्यांनी एकाही बागायतदाराला ठरल्यापेक्षा घटकाभर जास्त पाणी दिलं नाही, त्या माणसाने टीव्हीच्या पडद्यावर उड्या मारणाऱ्या बोटभर माणसांना असा जाब का विचारावा, हे आमच्या घरात कुणालाच उलगडलं नव्हतं. सुरुवात मात्र आमच्या दादानेच केली होती. बारामतीत एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत त्याचं गेमचं दुकान होतं. चार टीव्ही, चार सेट, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि फळीवर कॅसेटी. लग्नानंतर वहिनीचे वडील दर रविवारी इंदापूरहून लेकीला भेटायला यायचे. पहिल्याच रविवारी ते दुकानात डोकावले, "जयभीम" म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले. काय बोलावं ते न सुचून दादा म्हणाला, "मामा, बघा की खेळून." या वाक्याचा पश्चात्ताप त्याला पुढे कितीतरी वर्षं होत राहिला.

मामांचं खेळणं हे खेळणं नव्हतंच, ती पाहणी होती. चपला बाहेर, माठातलं पाणी घेऊन हात धुणं, रुमालाने बोटन् बोट पुसणं, मग घडीच्या खुर्चीत पाठ ताठ करून बसणं. मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीपुढे ठेवायचं, बुशशर्टाच्या खिशातली वही आणि पेन्सिल मांडीवर. सासरेबुवा म्हणून दादा फुकट खेळायला सांगे. मामा ऐकत नसत. फुकट खेळलेल्या खेळावर मत देण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा तीन तास झुंजून ते शेवटच्या राक्षसापर्यंत पोचले आणि वीज गेली. दुकानातली पोरं हळहळली. मामांनी नुसती पेन्सिल खिशात ठेवली आणि पुढच्या रविवारी पहिल्यापासून सुरुवात केली. "राक्षस दिसला की मामा, तेवढ्यावर लिहा," दादा म्हणाला. "अर्धवट पाहणीवर शेरा मारायचा न्हाय, जावईबापू," मामा म्हणाले. "खात्यात कदी मारला न्हाय. हितं कशाला मारू?"

मी तेव्हा गावातल्या एका साप्ताहिकात प्रुफं तपासायचे. चौथ्या पानावर, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि श्रद्धांजली यांच्या मधे, नेहमी वीतभर जागा रिकामी राहायची. मामांची वही एकदा मी संपादकांना दाखवली. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला, आणि त्या शुक्रवारपासून ती वीतभर जागा मामांची झाली. मामा बोलताना वहिनीसारखंच हाय-न्हाय बोलत, पण लिहायला बसले की खात्याची भाषा उतरे. झाकणावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचं छापलेल्या कॅसेटवर त्यांनी चार रविवार घालवले आणि लिहिलं, "प्रत्यक्ष मोजणीअंती सतरा खेळ आढळून आले. उर्वरित खेळ हे याच सतरांचे कपडे बदलून केलेले आहेत. सबब, झाकण खोटे आहे." एका खेळातला नायक पाण्यात पडला की मरायचा. त्यावर त्यांचा शेरा होता, "नीरेकाठच्या माणसास हे पटणारे नाही. पोहणे शिकवल्याशिवाय कोणासही मोहिमेवर पाठवू नये." मोटारींच्या शर्यतीबद्दल त्यांनी नमूद केलं होतं की रस्त्याकडेला तीच तीन झाडं पुन्हा पुन्हा येतात आणि चौथं झाड लावण्यास करणाऱ्यास काय अडचण होती ते कळत नाही. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका बागायतदाराचं पत्र आलं होतं, की आमच्याकडे गेमही नाही आणि खेळणारंही कोणी नाही, पण तुमचा मजकूर जेवायच्या आधी मोठ्याने वाचतो.

हसत नव्हता तो फक्त दादा. शुक्रवारी मामांनी कॅसेट नापास केली की शनिवारपासून तिच्यावर धूळ बसायची. आमच्यात सासऱ्याने जावयाचा मान ठेवायचा असतो, आणि मामा तो मनापासून ठेवत. कधी एकेरी हाक नाही, कधी जावयाआधी ताटावर बसणं नाही. त्याच आदराने ते जावयाच्या दुकानातल्या कॅसेटी एकामागून एक निकालात काढायचे. रविवारी रात्री जेवताना दादा नुसता ताटाकडे बघत राही आणि वहिनी विनाकारण पुन्हा पुन्हा भाकरी वाढी.

अशात स्टँडसमोरच नवं दुकान निघालं, दादाच्या दुप्पट मोठं. दादाची गिऱ्हाइकं तिकडे जाऊ लागली. त्याने पुण्याहून एक जुनं मोठं मशीन आणलं, कपाटाएवढं, उभं राहून खेळायचं. तलवार घेतलेला एक योद्धा गुहांमधून चालत जातो, असा खेळ. मशीन टेम्पोतून उतरवताना दादाचा हात दारात चेंगरला, तरी तो हसत होता. वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. रक्तदाब वाढलेला, पाय सुजलेले. डॉक्टरांनी मनाला त्रास होईल असं काही घरात होऊ देऊ नका म्हणून बजावलेलं. दादा मात्र दिवसभर एकच बोलत होता, हे मशीन चाललं तर दुकान राहील.

रविवारी मामा आले. हात धुतले, घड्याळ मशीनच्या कडेला ठेवलं आणि उभे राहिले. दादा गल्ल्यामागून त्यांच्या पाठीकडे बघत होता. दोन तास गेले. मामांनी पहिला टप्पा पार केला, दुसरा केला. तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी एक दार होतं. तिथे किल्ली घेऊन पोचलं की दार उघडायला हवं. ते उघडत नव्हतं, आणि खेळ मुकाट्याने पहिल्या टप्प्यावर परत जात होता. मामांनी तो टप्पा सहा वेळा केला. मग घड्याळ मनगटाला बांधलं, वही न उघडता खिशात ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, ह्यो खेळ पुढं न्हायच. दार नुसतं रंगवलेलं हाय."

"मामा," दादा म्हणाला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "हे लिहू नका."

मामा तिथून घरी आले. वहिनी पलंगावर बसली होती. तिने बापाच्या चेहऱ्यावरून ओळखलं. "आबा, मी कदी काय मागितलं न्हाय तुमच्याकडं," ती म्हणाली. "एवढं एकदा चांगलं लिवा." मामांनी तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. मग खाली बसून कितीतरी वेळ ते चटईच्या काड्या सारख्या करत राहिले.

बुधवारी इंदापूरहून पाकीट आलं. आत दोन ओळी होत्या. "नवीन मशीनवरील खेळ उत्तम आहे. सर्वांनी अवश्य खेळावा." ना मोजणी, ना सबब. प्रूफ तपासताना मी त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, त्यामुळे लाल पेन कुठे टेकवावा हेच मला कळेना.

शनिवारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. ज्या माणसाने आजवर एकाही खेळाला चांगलं म्हटलं नव्हतं त्याने 'उत्तम' म्हटलंय, म्हणून पिंपळीपासून माणसं आली. दादा हातात चहाचा कप धरून नुसता उभा होता. तो प्यायचं त्याला सुचत नव्हतं. वहिनीचा रक्तदाबही त्या आठवड्यात जरा खाली आला. मामा रविवारी आले, लेकीजवळ बसले, आणि दुकानात न जाताच परत गेले. पुढच्याही रविवारी तसंच.

तिसऱ्या रविवारी दादाने त्यांना हाताला धरून दुकानात आणलं. मशीनपुढे एक एस.टी. कंडक्टर खेळत होता. इंदापूर-बारामती गाडीवरचा, चाळिशीचा, गळ्यात तिकिटांची पेटी तशीच. मामा दर रविवारी त्याच्याच गाडीने येत-जात, त्यामुळे ओळख होती. मामांना पाहून त्याने खेळ सोडला आणि जवळ आला.

"आबा, बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "गाडी सुटायला वेळ आसला की रोज येतोय मी. तिसऱ्या दारापतुर जातो, पुढं जमत न्हाय. कसं उघडायचं ते तेवढं सांगा."

मामांनी मशीनच्या पडद्याकडे पाहिलं.

"दुसऱ्या कुणी लिवलं आसतं तर म्हणलं आसतं खेळच खराब हाय," कंडक्टर म्हणाला. "पण तुमी लिवलंय म्हंजी दार उघडत आसणारच. माझंच कायतरी चुकतंय."

दुकानात चांगलीच गर्दी होती, पण मला त्या घडीला मशीनच्या गाण्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मामांनी कंडक्टरच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं काय चुकलं न्हाय," ते म्हणाले. "दार उघडत न्हाय. मी खोटं लिवलं." कंडक्टर चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "आसं व्हय" म्हणाला, पेटी सावरली आणि गाडीकडे गेला.

मामा वळले. "जावईबापू, मी दुरुस्ती छापणार हाय. तुमच्या म्हागारी न्हाय, सांगून."

"छापलीत तर या दुकानात पाय ठेवायचा नाही," दादा म्हणाला. सगळ्यांसमोर.

"न्हाय ठेवत," मामा म्हणाले, आणि उंबऱ्याबाहेर जाऊन चपला घातल्या.

बुधवारी पाकीट आलं. संपादक गावाला गेले होते, अंक माझ्या हातात होता. तो कागद ड्रॉवरमध्ये टाकून वर वाढदिवसाची जाहिरात लावणं मला सहज शक्य होतं. दुपारी घरी जाऊन मी तो वहिनीला दाखवला. भीती वाटत होती, पण तिला न सांगता छापायचं धाडस होईना. तिने सावकाश वाचला. "सदर खेळाविषयी मी पूर्वी दिलेला अभिप्राय असत्य आहे. खेळ तिसऱ्या टप्प्यापुढे नाही. ज्यांनी माझ्या शब्दावर विसंबून वेळ घालवला त्यांची मी क्षमा मागतो. यापुढे अभिप्राय देण्याचा मला अधिकार नाही." वहिनीने कागद घडी करून माझ्या हातात दिला. "मीच लिवायला लावलं त्यांना," ती म्हणाली. "छाप."

छापलं. शनिवारी दुकान रिकामं होतं. दादा माझ्याशी महिनाभर बोलला नाही. मामांचे रविवार थांबले.

वहिनीचे दिवस भरायच्या आधीच तिला दवाखान्यात हलवावं लागलं. निरोप मिळताच मामा आले. बाहेर एकच बाक होता. त्याच्या एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला मामा, मधे मी. सकाळचे दहा वाजले, अकरा वाजले. आतून नर्स यायची, कुणाकडे न बघता निघून जायची. एकदा ती रक्ताची बाटली आणायला सांगून गेली आणि दोघेही एकदमच उठले. मामांचा रक्तगट जुळला. रक्त देऊन ते परत आले तेव्हा पांढरे पडले होते. दादाने त्यांना धरून बसवलं, आणि या खेपेला मी बाकाच्या कडेला सरकले.

दादा खाली बघत म्हणाला, "मामा, मी दुकान बंद करून रोज खेळत होतो. वाटायचं, एकदा तरी उघडंल. तुम्ही खोटे ठराल."

"उघडलं आसतं तर मला आनंदच झाला आसता, जावईबापू," मामा म्हणाले.

दादाने तोंडावर हात धरला. त्याचे खांदे हलत होते. मामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि तसाच हात फिरत असताना आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. वहिनीही सुखरूप होती.

घरी गेल्यावर दादाने मशीनवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली, "तिसऱ्या टप्प्यापुढे खेळ नाही." मशीन वर्षभरात गेलं. दुकान आणखी तीनेक वर्षं कसंबसं चाललं आणि मग तिथे झेरॉक्स आणि टेलिफोनचं बूथ आलं. मामा पुन्हा दर रविवारी येऊ लागले, हात धुऊन खेळूही लागले, पण लिहा म्हणून संपादकांनी किती विनवण्या केल्या तरी त्यांनी एक ओळ लिहिली नाही. साप्ताहिकही पुढे बंद पडलं.

दशक संपता संपता साखरेच्या आजाराने मामांची नजर गेली. पडद्यावर नुसता उजेड दिसतो, म्हणायचे. मग रविवारी दादाच इंदापूरला जायला लागला, पिशवीत सेट घेऊन. त्यांच्या टीव्हीला तो जोडायचा, आपण खेळायचा आणि पडद्यावर काय चाललंय ते मामांना सांगायचा. मी एकदा सोबत होते. मामा डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होते, आणि नात त्यांच्या मांडीवर झोपली होती. दादा बोलता बोलता थांबला.

"काय झालं, जावईबापू?"

"मेलो, मामा."

"कुणाच्या चुकीनं?"

दादाने थोडा विचार केला. "माझ्याच. उडी उशिरा मारली."

मामांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. नातीच्या अंगावरचं पांघरूण त्यांनी चाचपून नीट केलं.

"मंग खेळ चांगला हाय," ते म्हणाले. "परत लावा."