बंगालची

कपाट आवरताना ड्रॉइंग ठेवायची पुठ्ठ्याची नळी सापडली, झाकण काढताच प्लॉटरच्या शाईचा वास आला आणि कतारमधल्या अल थुमामाची ती पत्र्याची साइट केबिन डोळ्यांपुढे आली. वर्ल्डकपच्या स्टेडियमचं काम चालू होतं. उन्हाळ्यात भर दुपारी बाहेरचं काम बंद असे, आणि तेवढ्या वेळात माझा दक्षिण आफ्रिकेचा सहकारी जुन्या ड्रॉइंगच्या कोऱ्या पाठीवर आपली वंशावळ काढत बसे. त्याचे पूर्वज ह्यूगनो, म्हणजे धर्मापायी फ्रान्स सोडून तीनशे वर्षांपूर्वी केपला जाऊन वसलेले. त्यातल्या एकाने एका गुलाम बाईशी लग्न केलं होतं. तिच्या चौकटीत मालकाने ठेवलेलं नाव आणि पुढे नुसतं ‘बंगालची’. “तू इंडियन आहेस, हिचं खरं नाव कुठे मिळेल?” त्याने विचारलं. “कुठेच नाही, खलास,” मी म्हटलं, आणि वर तोऱ्यात सांगितलं, की आमच्या घराण्याच्या बारा पिढ्या कुलवृत्तांतात छापलेल्या आहेत. “मग तुझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय?” मी आईला फोन लावला. ती म्हणाली, “सासूबाईंचं नाव लग्नात बदललं. आधीचं मी कधी विचारलंच नाही रे.” काम संपल्यावर त्याने तो कागद माझ्याकडेच टाकला. ‘बंगालची’शेजारी मी आजीसाठी पेन्सिलीने आखलेली चौकट अजून रिकामी आहे. नाव आईचंही बदललं होतं, माहेरी तिला सगळे ताईच म्हणत. त्या फोनवर तिचं मी विचारलं नाही, आणि आता सांगणारं कुणी उरलं नाही.