अस्वलाचं झाड

आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी एक आबा सायकलींचे पंक्चर काढत. बोलण्याआधी ते हातातलं टायर दाबून पाहत. त्या उन्हाळ्यात अस्वल मक्यात शिरू लागलं, तेव्हा त्यांच्याच दुकानापुढे बैठक भरली. मोहाची फुलं आणि गूळ ठेवून त्याला बोलवावं आणि बंदुकीने टिपावं, असं बहुतेकांचं मत होतं. गावातला पहिला बी.ए. म्हणून मीही सांगितलं, जवळून नेम चुकत नाही.

आबांनी टायर दाबलं. "बी.ए. भाऊ, जेवाले बलाईसन मारानं, हाई कोनती रीत शे? एक झाड तेनं राहे. यंदा तेबी आपन येची लिधं."

खरंच होतं. अस्वलासाठी सोडायच्या मोहाखालची फुलंही यंदा आम्हीच वेचली होती. आबांनी आमिषाची पाटी उचलून त्या झाडाखाली रिती केली. अस्वल मग मक्याकडे फिरकलं नाही. झाडाला हात न लावण्याचा ठराव मीच लिहिला. अंगठा उठवण्याआधी आबांनी तो कागदही दाबून पाहिला.