ताकदीची सुई

बोरीत आमच्या गल्लीला नर्मदाबाईएवढी इज्जतीला जपणारी बाई सापडायची न्हाई. घरात भाजी नसली तर नुसतीच लसणाची फोडणी तडतडू द्यायची. शेजारणीच्या नाकाला कळलं पायजे ना! मी म्हनायची, "नर्मदे, आज बी फोडणीचं कालवण का गं?" अशी वटारायची माझ्याकडं!

शहाऐंशी साली तिच्या पोराला, सूर्यभानला टीबी झाला. रोज सुई. बन्सीधर कंपाउंडर घरोघर टोचत हिंडायचा, पण एकाच सुईनं अख्खी आळी. म्हनून नव्या नर्सबाईनं रीत पाडली: ज्याला रोजचं इंजेक्शन त्याची सुई त्याच्याच घरी, उकळून ठिवायची, दुसऱ्याला लावायची न्हाई. बोथट झाली की जुनी आणा, नवी न्या.

नर्मदाबाईनं टीबीचं नाव मातर घरात घिऊ दिलं न्हाई. पोरगी तानुबाई पालमला दिलेली, लग्नाला वरीस झालं नव्हतं. सासरी कळलं तर? कुनी इचारलं की सांगायची, "ताकदीच्या सुया चालू हायत."

अन् एक दिस तानुबाईची सासू कस्तुराबाई पाव्हणी आली. बन्सीधर सुई टोचायला आलेला, मी बी तिथंच बसलेली. सूर्यभानचे भरलेले गाल बघून म्हनली, "विहीनबाई, पोरगं खोंडावानी झालंय की! माझे बी हातपाय लय गळायलेत. बन्सीधर आलाच हाय तर मला बी द्या एक ताकदीची. सुई घरातलीच हाय."

न्हाई म्हनावं तर कारण सांगावं लागतंय. द्यावी तर पाव्हणीच्या दंडात टीबीवाल्याची सुई. नर्मदाबाई डबी घिऊन चुलीपाशी गेली, सुई वरवंट्याखाली दाबली अन् वरडली, "अगं बाई, मोडली की!"

मला वाटलं सुटली. पन कस्तुराबाई कसली ऐकतीय! "मग चला, नवी घिऊ. मला बी एक."

पारावर नर्सबाई बसलेली अन् सरपंच दिनकरराव तिच्यावर करवादायलेले. "बाई, तुमी घराघरात डाक्टर करायलाव. सुया वाटून बिमारी कमी व्हती का वाढती?"

"न्हाई वाटल्या तर एकच सुई समद्यांच्या अंगात जायलीय, सरपंच."

"कुनाला खरी गरज हाय तुमाला काय म्हाईत? फुकट म्हनल्यावर लोक इख बी खात्यात!"

लोक हसले. तेवढ्यात आमी तिघी म्होरं. नर्मदाबाईनं वाकडी सुई काढून दिली.

"कशाची हो काकू ही?" दिनकररावनं इचारलं.

नर्मदाबाईच्या आदी विहीनबाईच बोलली, "ताकदीची! अन् मला बी एक द्या."

दिनकररावनं मांडीवर थाप मारली. "ऐकलं का? ताकदीसाठी सरकारी सुया! बंद करा हे आजपासनं. बन्सीधरची सुई हाय तेवढी बास."

नर्सबाईचं तोंड उतरलं. तिला खरं ठाव व्हतं, पन दुसऱ्याची बिमारी चारचौघात कशी सांगावी? तिनं नुसतं नर्मदाबाईकडं बघितलं. मी बी बघितलं.

"टीबीची हाय," नर्मदाबाई जमिनीला म्हनली.

"काय?" दिनकरराव म्हनले.

"माझ्या सूर्यभानला टीबी हाय. मी खोटं सांगितलं. पन सुई बंद करू नका, दादा."

कस्तुराबाईनं पदर नाकाला लावला अन् हातभर बाजूला सरकली. दिनकरराव उगंच धोतराचा सोगा झटकत बसले. "बंद करा" मातर पुन्हा म्हनले न्हाईत. नर्सबाईनं नवी सुई कागदात गुंडाळून दिली. नर्मदाबाईनं ती झटकन पदराखाली घेतली, जशी चोरीच करायलीय.

घरी आल्यावर तिनं पुरनाचा सैपाक केला. कस्तुराबाई उंबऱ्याच्या बाहीरच, पिशवी काखेत.

"विहीनबाई, दोन घास खाऊन जावा."

"उपास हाय माझा."

बुधवारी कसला आलाय उपास! नर्मदाबाई म्हनली, "बरं." अन् तिला एसटीपस्तोर घालवायला गेली, चार पावलं मागं ऱ्हाऊन.