भट्टीची मूठ

आमचा भाडेकरू नवनाथ भोसरीच्या एका कारखान्यात भट्टी सांभाळतो. धाराशिवकडून आला तेव्हा मिशी फुटत होती, आता पिकली. भट्टी थंड व्हायला लागली की हा पठ्ठ्या स्क्रू काढून दाराची मूठ डब्याच्या पिशवीत टाकतो आणि घरी आणतो.

"मूठ कोण चोरतंय रे?" मी एकदा विचारलं.

"चोरी न्हाई बाई. शेटला धीर नसतो, भट्टी निवायच्या आधीच दार उघडतो."

माझी नात स्वप्नाली एमएस्सीला आहे. तिचा प्रकल्प उच्च तापमानाच्या अतिवाहकावर, म्हणजे सुपरकंडक्टरवर. 'उच्च' म्हणजे किती, तर उणे एकशे शहाण्णव अंश! शास्त्रज्ञांना असं बोलायला लाजही वाटत नाही. तिनं भाजलेल्या काळ्या वडीवर द्रव नायट्रोजन ओतला की वर लोहचुंबक तरंगायला हवा. शुक्रवारी परीक्षक येणार, आणि मंगळवारी चुंबक वडीवर खुशाल बसून राहिला. पोरगी माझ्याकडे येऊन रडत बसली. नवनाथ पाण्याची मोटर लावायला आला होता, त्यानं ऐकलं.

"भट्टीतनं किती डिग्रीला काढलीस?"

"आठशेला. लॅब पाचला बंद होते. आजीच म्हणाली, कशाला ताटकळतेस, काढ बाहेर."

म्हणाले होते. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, भट्टीतलं मला काय कळतं!

"आमी पोलाद लाल असताना तेलात टाकतो," नवनाथ म्हणाला, "ते मुद्दाम. तापल्यावरची कणांची बैठक आत तशीच अडकावी म्हणून. तुझ्या वडीची बी अडकली."

स्वप्नालीनं डोळे पुसून वही ओढली. खरंच होतं. खूप तापलेल्या वडीत अणूंची बैठक चौरस असते. ऑक्सिजनमध्ये हळूहळू थंड केली तर ती ऑक्सिजन पिते, चौरसाची एक बाजू जरा लांब होते आणि मगच तिच्यात अतिवाहकाचा गुण येतो.

"काका, परत तापवली तर?"

"सुटंल की. उतरवायची मात्र हळू."

गुरुवारी त्याची सुट्टी. स्वप्नालीच्या सरांची परवानगी काढून, वडी परत तापवायला ठेवून तो सकाळपासून कॉलेजच्या भट्टीपाशी बसला. दुपारी मी डबा घेऊन गेले. आकडा चारशेच्याही खाली आला होता. दार उघडायला हात घातला, तर मूठच नाही!

"नवनाथ, मूठ दे. परीक्षक उद्या येतायत."

"पिशवीत हाय."

"मग काढ."

"न्हाई बाई. तुमी तर शेटच्या वरताण!"

शेजारी बसलेली स्वप्नाली मंगळवारनंतर पहिल्यांदा हसली. मी डबा उघडला.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला जाताना त्यानं मूठ दिली, माझ्या नव्हे, तिच्या हातात. दुपारी तिचा व्हिडिओ आला: वडीच्या बोटभर वर चुंबक, अधांतरी. संध्याकाळी नवनाथनं तो माझ्या दारात उभ्यानं तीनदा पाहिला.

"खाली काडीबिडी न्हाई ना लावली?"

"नाही रे बाबा!"

मग त्यानं स्वप्नालीला फोन लावला. मला वाटलं, शाबासकी देईल.

"पोरी, कॉलेजची मूठ जागेवर बसवलीस ना? अन् स्क्रू? आवळला का नीट?"